उषा, आम्ही अजून तुझ्याच पानावर आहोत

उषे, मेले, ऐक.

बघ, पहिल्याच ओळीत घोळ झाला. इतकी वर्षं तुला येता-जाता 'मेले' म्हणायची सवय, आणि आता तो शब्द तुझ्यासाठी वापरता येत नाही. माझी सगळ्यात लाडाची शिवी तू स्वतःबरोबर घेऊन गेलीस. दुसरी सापडेपर्यंत नुसतं उषा म्हणते.

तर उषा, मला शेवट सांगायचाय. धुक्याच्या पुस्तकाचा. कान्हड नावाड्याचं काय झालं त्याचा. तू गेल्यापासून तो शेवट माझ्या पोटात नुसता उड्या मारतोय. वर्गात फळ्यावर गणित लिहिताना आठवतो, कुकरच्या शिट्ट्या मोजताना आठवतो आणि मी एकटीच मान हलवते. आपल्या चौघांपैकी तिघांनी, म्हणजे मी, वाघमारे काका आणि रेश्मानं, तिसरा भाग वाचून संपवलाय. आणि तिघंही एकमेकांसमोर तोंड शिवून बसलोय. काका भेटले की भुवया उडवतात, मी डोळे मोठे करते, रेश्मा 'अय्यो' म्हणून तोंडावर हात ठेवते आणि आम्ही पावसापाण्याचं बोलून घरी जातो. का? तर नियम. तुझा नियम, तूच घातलेला, तूच दामटून चालवलेला. आणि तू आपली दोनशे बारा पानावर जाऊन बसलीस, ती कायमची.

म्हणून आज मी ठरवूनच बसलेय. शाळेला सुट्टी आहे, चहा करून घेतलाय. आज तुला सगळं सांगून टाकते आणि मोकळी होते.

पण आधी तुझ्याशी भांडण आहे, ते होऊन जाऊ दे.

परभणीहून झरीला रोज सकाळी जाणारी मी एक साधी मास्तरीण. खिडकीची सीट पकडायची, पुस्तक उघडायचं आणि शाळेचा फाटा येईपर्यंत मान वर करायची नाही. त्या दिवशी नवी कंडक्टर बाई आली. खाकी साडीवर पट्ट्याची बॅग, हातात तिकिटाचं मशीन. तू माझ्याजवळ थांबलीस, मी पैसे पुढे केले, आणि तू तिकीट द्यायचं सोडून वाकून पुस्तकात बघितलंस. "मॅडम, कोणत्या पानावर आलाव?" मी दचकून पान सांगितलं. "अजून किल्ला पडला न्हाई मग," तू म्हणालीस, आणि लगेच जीभ चावलीस. उषा, ते माझं लढाईचं पुस्तक होतं, किल्ला पडणार की राहणार याच्यावर माझा श्वास अडकलेला होता, आणि तू भर गाडीत तो किल्ला पाडून पुढच्या सीटवर निघून गेलीस. मी तुझ्यामागे गाडीभर ओरडले. माणसांना वाटलं सुट्ट्या पैशांवरून भांडण जुंपलंय.

त्या भांडणातून आपली मैत्री झाली. दुसऱ्या दिवशी तू मला शेंगदाण्याची पुडी आणून दिलीस आणि म्हणालीस, "पुन्हा कुणाला असं सांगणार न्हाई. माझी मलाच लय लाज वाटली." शब्द पाळलास. इतका पाळलास की आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणलेस.

वाघमारे काकांना तूच हेरलंस. तहसीलमधून रिटायर झालेला, स्टँडवर पेपर घ्यायला येणारा, कानावर पेन्सिल ठेवून ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारा माणूस. कादंबरीत चूक सापडली की पेन्सिल कानावरून खाली येणार. रेश्मा औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते, गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर राक्षस, उडते साप आणि शापित राजकन्या. तिलाही तूच पकडलंस, डोकेदुखीची गोळी घ्यायला गेली होतीस आणि तिच्या मोबाइलात डोकावलीस. तुझी ती डोकावायची खोड नसती तर आम्ही चौघं या गावात जन्मभर एकमेकांशेजारून गेलो असतो.

मग ग्रुप केला. 'सध्या काय चालूय'. सुरुवातीला नुसतं पुस्तकाच्या कव्हरचे फोटो टाकायचो. मग एकच पुस्तक चौघांनी एकदम वाचायचं ठरलं आणि पहिल्याच पुस्तकात रेश्मानं मध्यरात्री रडका चेहरा टाकून लिहिलं की युवराज मेला. तू तेव्हा युवराजाच्या लग्नापर्यंतच पोचली होतीस. सकाळी गाडी सोडायच्या आधी तिच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "रेश्मा, मी प्याशिंजर खाली ठेवून गाडी सोडते का? मग तू का सोडलीस?" बिचारी रडायलाच लागली. तेव्हापासून नियम. रोज संध्याकाळी प्रत्येकानं आपलं पान टाकायचं. ज्याचं पान सगळ्यात मागं, तिथपर्यंतच बोलायचं, त्यापुढं अक्षर नाही. मागचा माणूस प्रकरण संपवून आला की तू आवाजी मेसेज टाकायचीस, "डबल!" म्हणजे डबल बेल. गाडी हलली, आता बोला. आणि मग काय ती धमाल! काका टाइप करता येत नाही म्हणून फोनच करायचे, रेश्मा एका वाक्यात दहा चेहरे टाकायची, मी वह्या तपासायच्या सोडून भांडत बसायचे.

आता यात मेख अशी की मागचा माणूस कायम तूच. तुझ्याइतकं हळू वाचणारी बाई मी पाहिली नाही. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, लढाई आली की दोनदा वाचायची, कुणी मेलं की पुस्तक मिटून बाहेर बघत बसायची. त्यात वाचायला वेळ कधी, तर गाडी स्टँडवर लागलेली असताना, नाहीतर झरीला ड्रायव्हर चहा प्यायला उतरल्यावर. आम्ही तिघं पुढं जाऊन तडफडत असायचो. मी काय काय केलं तुला पुढं ढकलायला! पहिल्या सीटवर बसून अख्ख्या गाडीला दम द्यायचे, "सुट्टे काढून ठेवा हो, बाईंना त्रास देऊ नका!" तेवढीच तुझी चार ओळी वाचायची सोय. काका तर ड्रायव्हरला दुसरा चहा पाजायचे. तुला वाटायचं काकांचं मन मोठं आहे. मन कसलं मोठं, त्यांना सेनापतीची फितुरी कुणाशी तरी बोलायची असायची.

आणि तुझं ते खोट्या-खऱ्याचं! मी म्हणायचे, उषा, हे उडते साप आणि बोलणाऱ्या नद्या कशाला वाचतेस, इतिहास वाच, खरं घडलेलं वाच. तू मशीनमधून तिकीट फाडत म्हणायचीस, "खरं मी रोज बघते की गाडीत. एक बाई माहेरी जायली, एक माहेरून यायली, दोघीबी रडायल्यात. घरी जाऊनबी तेच वाचू का?" मग मी म्हणायचे, बरं, तुझ्या त्या राज्यात तरी कोण हसतंय? तिथंही सगळे रडतायतच. तू म्हणायचीस, "पण तिथं रडल्यावर नदी थांबती, सुलू. हितं कोण थांबतंय?" पण म्हणून मी हरले असं समजू नकोस.

काकांच्या मिरचीचा दिवस आठवतो का तुला? यादवांच्या काळातली कादंबरी, काका आठवडाभर तिची आरती ओवाळत होते. आणि एका दुपारी स्टँडवर तणतणत आले, पेन्सिल हातात, पान दुमडलेलं. देवगिरीच्या एका दासीनं भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला होता. "अहो, मिरची आली फिरंग्यांच्या जहाजातून! त्या जमान्यात मिरची कुठली? खलास! पुस्तक खलास!" त्यांनी पुस्तक खरंच बाकड्यावर आपटलं. तू गंभीरपणे विचारलंस, "काका, मग ती जेवायची कशी?" काका म्हणाले, मिरी असेल, आलं असेल. तू म्हणालीस, "मिरची खोटी असू द्या. पण तिनं मालकिणीसाठी ताट झाकून ठेवलं आन आपण कोरडी भाकर खाल्ली, ते तर खरं हाय ना? मी तिला सोडणार न्हाई." काकांनी बाकड्यावरचं पुस्तक उचललं, धूळ झटकली आणि पुढं वाचायला लागले. त्यांच्या कादंबरीच्या त्या पानावर अजून पेन्सिलीनं मोठी फुली आहे, आणि फुलीखाली त्यांनीच लिहिलंय, 'उषाबाईंच्या विनंतीवरून माफ'.

मी तुझ्याकडून काय घेतलं ते तुला कधी सांगितलं नाही. मी घटना गिळत वाचणारी. पुढं काय, पुढं काय, संपलं, दुसरं आणा. धुक्याचं पुस्तक आलं तेव्हाही तसंच. तीन जाड भाग, नकाशे, वंशावळी, एक नदी जिच्यावरचं धुकं कधीच उठत नाही, आणि त्या धुक्यातून माणसं पलीकडं पोचवणारा कान्हड. मी त्याला पहिल्या भागात ओलांडून गेले. माझं लक्ष राणीवर होतं. तू मात्र प्रकरण संपवून आलीस आणि 'डबल' दिल्याबरोबर विचारलंस, "त्याच्या हाताला घट्टे हायत, ते बघितलं का?" नव्हतं बघितलं. "अंधारात बी तो माणसं मोजून घेतो, ते?" तेही नाही. "सुलू, त्याचं आन माझं काम एकच हाय. सगळ्यांला उतरवायचं आन आपण माघारी फिरायचं." मी ते प्रकरण त्या रात्री पुन्हा वाचलं, बोटाखाली ओळ धरून, तुझ्यासारखं. तेव्हापासून मी पुस्तक तसं वाचते. मुलांचे निबंधही तसेच वाचते आता. तुझ्यामुळे माझ्या वह्या तपासून होत नाहीत.

आणि दुसऱ्या भागाचा शेवट! शत्रूची फौज नावेत बसते, कान्हड त्यांना राणीच्या किनाऱ्याला न नेता धुक्याच्या पोटात घेऊन जातो, आणि नाव परत येत नाही. संपला भाग. मी म्हटलं, मेला. एवढं स्पष्ट लिहिलंय, मेला. रेश्मा म्हणाली, मेला, बिचारा. काकांनी तर त्याच्या नावापुढं कंसात कैलासवासी लिहून टाकलं. तू एकटी हटून बसलीस. "मढं कुणी बघितलं? नाव कुणाला घावली? गाडी येळेवर आली न्हाई म्हणून गाडी खड्ड्यात गेली, असं म्हणते का मी चौकशीच्या खिडकीवर?" तिसरा भाग यायला वेळ होता. तोवर आपण रोज भांडलो. गाडीत भांडलो, फोनवर भांडलो, तुझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात पंगतीत शेजारी बसून भांडलो. वाढपी जिलबी घेऊन उभा आणि आपण, मेला, न्हाई मेला, मेला, न्हाई मेला. ज्ञानोबा भाऊजी, म्हणजे तुझे मालक, पलीकडून म्हणाले, "आवो, कोण मेलं? लग्नात काय बोलायलाव ह्ये?" तू म्हणालीस, "कुणीच मेलं न्हाई, तुमी जेवा."

मग तिसरा भाग आला. पहिले दोन भाग तू जुने घेतले होतेस, हा मात्र नवाकोरा घेतलास, त्यालाही कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलंस. आम्ही तिघं सुसाट. तू आपली ओळीखाली बोट. एका संध्याकाळी तुझा मेसेज आला. पान दोनशे बारा. आणि खाली, 'राणी काठावर हुबी हाय. धुक्यातून वल्ह्याचा आवाज यायलाय. मी म्हणलं होतं!!!' तीन उद्गारचिन्हं, उषा. तू कधी एकसुद्धा वापरायची नाहीस.

आम्हाला तर पुढचं माहीत. वल्हं कुणाच्या हातात आहे, ते माहीत. आम्ही तिघांनी त्या रात्री एकमेकांना मोबाइलवर नुसते अंगठे पाठवले. उद्या उषा पोचेल, उद्या 'डबल' येईल, उद्या आपण फुटून जाऊ बोलता बोलता.

दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा कंडक्टर होता. तुला ताप म्हणे.

दवाखान्याबद्दल मी फार लिहीत नाही. शाळा सुटली की मी परभणीला उतरून थेट तुझ्याकडे यायचे. त्या शेवटच्या संध्याकाळी तू जरा बरी दिसत होतीस, निदान मला तसं वाटलं. पुस्तक घरी राहिलं होतं आणि त्याचं तुला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "तू पुढं गेलीस. दिसायलंय तुझ्या तोंडावर." मी म्हटलं, सांगू का? खरंच विचारलं उषा, कारण मला तुला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याकडे तेवढंच होतं. तू दोन्ही हातांनी कान झाकून घेतलेस. एका हाताला सलाईनची नळी, तरी. "न्हाई! बरी झाले की वाचते. दोन दिसात संपवते, बघच." मी हसले. तू आणि दोन दिवसात! नर्स ओरडली, पेशंटला हसवू नका. मी निघाले. दारातून वळून बघितलं तर तुझे हात अजून कानावरच होते, आणि तू डोळ्यांनी 'जा' म्हणत होतीस.

मी सांगायला हवं होतं का? रोज वाटतं, हवं होतं. आणि रोज वाटतं, सांगितलं असतं तर तू मला जन्मात माफ केलं नसतंस. हे दोन्ही एकदम वाटतं आणि मग मी भांडी घासायला घेते.

आता दहाव्याचं ऐक. हे मात्र तुला सांगितलंच पाहिजे, कारण तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

गंगाखेडला, गोदावरीच्या काठावर. सगळे आले होते. आम्ही तिघं मागं उभे. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर झाडावर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. ऊन चढलं. तुझा भाऊ पुढं होऊन म्हणाला, अक्का, आईला मी बघतो, तू काळजी करू नको. कावळा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुझ्या शेळ्या कुणाला इकणार न्हाई." तरी नाही. भाऊजी नुसते उभे, हात जोडून. सगळे कुजबुजायला लागले, मनात काय राहिलं असंल, काय राहिलं असंल.

आणि वाघमारे काका धोतर सावरत पुढं गेले. "मला माहितीये काय राहिलंय. पुस्तकाचा शेवट राहिलाय." अख्खा घाट त्यांच्याकडे बघायला लागला. काकांनी पिंडासमोर हात जोडले, घसा साफ केला आणि तहसीलमध्ये नाव पुकारावं तसं मोठ्यानं म्हणाले, "उषाबाई, ऐका. तो कान्हड..."

"काका, नाही!" मी ओरडले. उषा, मी घाटावर ओरडले! रेश्मानं धावत जाऊन त्यांची बाही धरली. काका भडकले. "अहो, आता तरी सांगू द्या! नियम काय मेल्यावरही?" मी म्हटलं, तिनं माझ्यासमोर कान झाकून घेतले होते, तिला ऐकायचं नव्हतं. रेश्मा म्हणाली, "मग तिला कधीच कळू द्यायचं नाही का? हा कुठला इन्साफ?" काका म्हणाले, सुलभाबाई, तुम्ही हरलात की जिंकलात ते लपवायचंय तुम्हाला. मी म्हटलं, काका, तोंड सांभाळून बोला. रेश्मा रडत म्हणाली, तुम्ही दोघंही गप्प बसा, ती ऐकत असेल. आमचं तिघांचं असं जुंपलं की पाहुणेमंडळी कोंडाळं करून बघायला लागली. तुझी एक मावशी तर विचारत होती, हा कान्हड कोण, ह्यांच्यातला का त्यांच्यातला?

तेवढ्यात गुरुजी शांतपणे म्हणाले, "शिवला की. मगाच शिवून गेला. तुमचं चालू द्या."

कुणी बघितलाच नाही! सगळं गणगोत आमच्याकडे तोंड करून उभं, आणि कावळा येऊन, खाऊन, उडून गेलेला. काका पटकन पिंडाकडे वळले, मग आमच्याकडे, आणि त्यांना हसू आवरेना. मग मला. मग रेश्माला. सगळं अंग हलवून हसलो आणि त्यातच रडलो. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल. मला विचारशील तर तुला शेवट नको होता. भांडण हवं होतं.

परत येताना जीपमध्ये भाऊजी माझ्या शेजारी होते. गंगाखेड मागं पडलं. मग म्हणाले, "मॅडम, त्या धुक्याच्या पुस्तकातलं पयलं कोणतं? घरी तीन हायत, तिनं सगळ्यांला कव्हर घातलंय, मला वळकू येईना." मी सांगितलं, ज्याच्या कव्हरवर श्रावण महिना आहे ते. ते म्हणाले, "मी वाचतो. तिचं ऱ्हायलंय ते. पण मधूनच कसं वाचावं? मला तर काईच ठाव न्हाई. सुरुवातीपासून वाचतो."

उषा, ज्ञानोबा भाऊजी! ज्यांनी शेळ्यांच्या औषधाच्या बाटलीवरचं सोडून काही वाचलेलं मी पाहिलं नाही! रेश्मानं त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. आता ते शेळ्या घेऊन रानात जातात आणि तिथं बसून वाचतात, मोठ्यानं, कारण मनातल्या मनात त्यांना वाचता येत नाही. आणि रोज संध्याकाळी न चुकता पान टाकतात. तुला हळू म्हणायचे ना मी? मी शब्द मागे घेते. तू म्हणजे एक्स्प्रेस होतीस बाई! पहिले तीन दिवस ते नकाशाच बघत होते.

यातून काय झालं तुझ्या लक्षात आलं का? मागचा माणूस आता दोनशे बारावर नाही. मागचा माणूस पहिल्या भागात, पार सुरुवातीला. आणि नियम तर नियम. म्हणजे आता शेवटच काय, दुसऱ्या भागाचा 'द'सुद्धा काढायचा नाही. काकांनी बोटांवर हिशोब घातला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "माझं वय बघा. मी आधी गेलो तर सरळ उषाबाईंकडे जाईन आणि सगळं सांगून टाकीन, मग करा काय करायचं ते." रेश्मा म्हणाली, "काका, तिथं ती आधीच कानावर हात ठेवून बसलेली असेल." काका पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, हो, तेही खरं. आणि पहिला भाग पुन्हा वाचायला घेतला, भाऊजींच्या बरोबरीनं. मग रेश्मानं घेतला. मग मीही घेतला. सगळे पुन्हा सुरुवातीला, उषा. काल तिघं मिळून फक्त नकाशावर तासभर बोललो, नदीचा उगम त्यात दाखवलेलाच नाही, हे आम्हाला भाऊजींनी सांगितलं.

खोटं सांगत नाही, तू गेल्यापासून मला पहिल्यांदा सकाळ व्हावी असं वाटायला लागलंय.

आत्ता, वरचं एवढं लिहून झाल्यावर, मी उठून दुसरा चहा ओतून घेत होते आणि फोन वाजला. भाऊजी. मागं शेळ्यांचा गोंगाट. "मॅडम! आला! त्यो आला!" कोण आला? "कान्हड! नाव घेऊन आला. धा माणसं बसवली, अंधारात मोजून घेतली. हाताला घट्टे हायत त्याच्या. तुमी बघितलं का?" मी म्हटलं, हो भाऊजी, बघितलं. ते बोलतच राहिले. लय चांगला माणूस हाय म्हणाले. सगळ्यांला उतरवतो आन एकटाच माघारी जातो म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं.

"मॅडम, ह्याला पुढं काई होत तर न्हाई ना?"

माझ्या तोंडात उत्तर होतं, उषा. तोंड भरून होतं. मी ओठ मिटून उभी राहिले. शेवटी तेच म्हणाले, "न्हाई, सांगू नका. ऱ्हाऊ द्या. मी जातो पुढं." आणि फोन ठेवला.

तर हे असं आहे. कोण जिंकलं, तू की मी, ते मी आज लिहिणार होते, अगदी ठरवून बसले होते. पण लिहीत नाही. हे पत्र मी तिसऱ्या भागाच्या तुझ्या प्रतीत दोनशे बारा पानावर ठेवणार आहे, तिथं पोचले की भाऊजी वाचतील, आणि ते अजून पहिल्याच नावेत बसलेत.